शाल जाताना

ज्याला तुम्ही मत दिलं नाही आणि जो तरीही निवडून आला, त्या माणसाकडे तुम्ही आजवर एक तरी काम घेऊन गेला आहात का?

शिव्या दिल्या असतील. त्या मीही दिल्या आहेत, छापून वाटल्या आहेत. मी कामाबद्दल विचारते आहे. त्याच्यासमोर जाऊन, ‘तुम्ही मला नको होता, पण आता माझे आहात, तेव्हा एवढं करा,’ असं तुम्ही कधी म्हणालात का?

मी म्हणाले नव्हते. असं म्हणायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. नांदेडला आमच्या घरी कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा रात्रंदिवस काही ना काही छापत असत, आणि मी वाचायला शिकले ती ‘धिक्कार असो’ या शब्दांवर. निवडून आलेला माणूस आपला असेल तर त्याला जाब विचारायचा आणि परका असेल तर त्याचा धिक्कार करायचा, एवढं राजकारण मला येत होतं. ते अपुरं आहे, हे मला इंग्लंडमध्ये, बेसिंगस्टोकच्या एका घरमालकिणीनं दाखवलं.

मी तिथल्या एका बिझनेस पार्कात नुकतीच नोकरीला लागले होते आणि खोली शोधत होते. दार उघडलं ते एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईनं. नऊवारी नाही, पंजाबी नाही; पाचवारी सुती साडी, वर पुरुषी कार्डिगन आणि पायात जाड तळव्यांचे काळे बूट. “जयभीम,” त्या म्हणाल्या. भाडं किती आणि बाथरूम कोणाकोणात, हे मी विचारणार, त्याआधीच त्यांनी मला विचारलं, “तुझे एमईपी कोण आहेत?”

मला एमईपी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. युरोपियन पार्लमेंटचा मेंबर, त्यांनी सांगितलं. ब्रिटन तेव्हा अजून युरोपीय संघात होता, बाहेर जायचं ठरलं होतं पण पाय निघत नव्हता. देशाचे विभाग पाडलेले होते आणि आमच्या विभागातून दहा जण त्या पार्लमेंटात जात. मी म्हणाले, “पण माझा पासपोर्ट इंडियन आहे.”

“माझाही इंडियनच आहे. कॉमनवेल्थचा माणूस इथं राहत असला तर त्याला मत असते. नाव नोंदव, मग खोली दाखवते.”

मी त्यांच्या दारातच, फोनवर, कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं. मग त्यांनी खोली दाखवली. खोली लहान होती आणि खिडकी धड लागत नव्हती, पण ज्या घरात शिरण्याआधी मतदार व्हावं लागतं ते घर सोडायची माझी छाती नव्हती.

त्यांना आम्ही सगळे ताई म्हणत असू. नागपूरच्या इंदोऱ्याच्या. ऐन तारुण्यात इंग्लंडला आल्या, हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात आयुष्य काढलं, यजमान लवकर गेले, मूल नव्हतं. नागपुरी बोली त्यांनी सोडली नाही आणि पासपोर्टही सोडला नाही. लोक म्हणत, ताई, ब्रिटिश पासपोर्ट घ्या, एअरपोर्टवर रांग लहान असते. ताई म्हणत, “ज्या घटनेनं मला माणसात बसवलं, तिचा पासपोर्ट रांगेसाठी सोडू काय बापा?”

बैठकीच्या खोलीत निळ्या कोटातला तो फोटो होता, आणि त्याच्याखाली प्रचारपत्रकांतून कापलेले विभागाच्या दहाही एमईपींचे फोटो, एकाच मापाचे. त्यांत काही असे होते की ज्यांना युरोपियन पार्लमेंटच नको होतं आणि ते मोडायला म्हणूनच ते तिथं निवडून गेले होते. मी पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ताई, हे कशाला भिंतीवर? त्या म्हणाल्या, “ते काय पाहुणे आहेत? दहा म्हणजे दहा.”

ब्रिटनच्या स्वतःच्या पार्लमेंटातला, वेस्टमिन्स्टरचा, खासदारही ताईंना होता, पण त्याचा एकट्याचाच फोटो लावण्यात त्यांना रस नव्हता. तिथं जो पहिला तो सगळं घेऊन जातो, बाकीची मतं पाण्यात. ताईंचं मत तिथं कायम पाण्यात गेलं होतं. युरोपच्या निवडणुकीत मात्र मतांच्या प्रमाणात जागा मिळत. हरणाऱ्यांनाही खुर्ची मिळते अशी ही एकच निवडणूक मला इंग्लंडमध्ये भेटली, असं त्या सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बहिणीच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोलल्यासारखा व्हायचा.

त्यांच्या सवयींचं काय सांगू. एक घडीचं स्टूल होतं, मासेमारी करणारे लोक नदीकाठी नेतात तसलं. कुठल्याही प्रतिनिधीच्या, अधिकाऱ्याच्या भेटीला जाताना ते त्या काखेत मारून नेत. तिथं खुर्ची दिली तरी तीवर बसत नसत, स्वतःचं स्टूल उघडत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, त्यांच्या आजोबांना कचेरीत कधी कोणी बसा म्हणालं नाही. आणि साहेबानं दिलेल्या खुर्चीवर बसलं की आधी आभार मानावे लागतात, मग भांडण नीट होत नाही. ते स्टूल त्या दुसऱ्या कोणाला बसायला देत नसत. मी एकदा त्यावर पाय ठेवून बल्ब बदलला तर दोन दिवस बोलल्या नाहीत.

दुसरी सवय त्यांच्या नोकरीतून आलेली. समोरचा माणूस लांबण लावू लागला, विशेषतः मी, की त्या एक्स-रेच्या खोलीतला आवाज काढत, “श्वास घ्या. रोखून धरा.” माणूस दचकून खरंच श्वास रोखायचा. मग त्या डोळे बारीक करून पाहत, जणू फासळ्या मोजताहेत, आणि सावकाश म्हणत, “आता सोडा.” त्यानंतर आपण काय बोलत होतो ते आठवत नसे, आठवलं तर ते निम्मं झालेलं असे.

ताई एकदा ते पार्लमेंट बघायलाही जाऊन आल्या होत्या. ही गोष्ट मी येण्याआधीची, पण मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मला ती माझीच वाटते. ते पार्लमेंट फ्रान्समध्ये भरतं, आणि भारतीय पासपोर्ट म्हटल्यावर तिथं जायला व्हिसा हवा. काउंटरवरच्या मुलीनं प्रवासाचं कारण विचारलं. ताईंनी सांगितलं, “टू सुपरवाइज.” त्या मुलीला वाटलं, बाई कुठल्या तरी बांधकामावर निघाल्या आहेत, आणि तिनं वर्क परमिट मागितलं. तिथं ताईंनी स्टूल उघडलं. ज्या पार्लमेंटात माझी दहा माणसं बसतात त्याच्या गॅलरीत बसायला मला व्हिसा लागतो, हे तुला बरोबर वाटते का, असं त्यांनी तिला इतक्या शांतपणे विचारलं की आतून साहेब आला. व्हिसा मिळाला.

तिथून त्या दोन गोष्टी घेऊन आल्या. पहिली कानातल्या यंत्राची. कोणी कुठल्याही भाषेत बोललं तरी प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू येतं. ताईंनी बसल्याबसल्या सगळे चॅनल फिरवून पाहिले. “मराठी नाही लागली,” त्या सांगायच्या, “पण शोधून पाहायला काय जाते?” दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली होती. त्यांना वाटलं होतं ब्रिटनचे सगळे एका ओळीत बसले असतील, जर्मनीचे एका ओळीत. तसं नव्हतं. तिथं एका विचाराचे लोक एकत्र बसतात, मग ते कुठल्याही देशाचे असोत. आपल्या दहा जणांना शोधता शोधता त्यांची मान दुखली. आधी त्यांना राग आला. मग गॅलरीत बसल्याबसल्याच तो उतरला. देशवार नाही, भाषावार नाही, जातवार तर नाहीच, मतवार. हे आपल्याकडे जेवणाच्या पंगतीत तरी करून पाहायला पाहिजे, असं म्हणत त्या गाडीत बसल्या आणि घरी येऊन त्यांनी ते केलं.

म्हणून ताईंच्या घरी महिन्यातून एका रविवारी मतवार पंगत असे. सोफा बागेत जायचा, त्यावर ताडपत्री पडायची, आणि खोलीत समोरासमोर दोन ओळी. ताई दारात एक प्रश्न विचारत. तुमचं उत्तर हो असेल तर खिडकीची ओळ, नाही असेल तर भिंतीची. प्रश्न कधी कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांचा असे, कधी मुलांना मराठी शाळेत जबरदस्तीनं घालावं का असा असे. बेसिंगस्टोकच्या आयटीवाल्या मराठी मंडळींची या पंगतीत फार त्रेधा उडायची, कारण नवरा एका ओळीत आणि बायको समोरच्या ओळीत असं सर्रास होई, आणि गाडीतून घरी जाताना त्याचा निकाल लागे. नियम एकच होता. मत बदललं तर ताट उचलून समोर जायचं. जेवण संपेपर्यंत मुभा.

तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्षही यायचे. गोड माणूस. त्यांना एकच व्यसन होतं, सत्काराचं. कोणी निवडून आलं की ते शाल-श्रीफळ घेऊन तयार. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी एका नव्या कौन्सिलरला बोलावलं आणि स्टेजवर शाल उलगडली, तोच तिसऱ्या रांगेतून ताई उठल्या.

“अध्यक्ष, यांनी काम काय केलं?”

“ताई, अहो, आत्ता तर निवडून आलेत.”

“मग आत्ता शाल काहून? थंडी वाजते का त्यांना?”

हॉल हसला. त्या कौन्सिलरला मराठी येत नव्हतं, त्यानं ताईंना वाकून नमस्कार केला. घरी येताना ताई मला म्हणाल्या, शाल जाताना द्यायची असते, हिशेब घेऊन. येतानाच दिली तर तो माणूस पाच वर्षं ती पांघरूनच झोपतो.

मे महिन्यात ब्रिटनमधली युरोपची ती शेवटची निवडणूक झाली. माझं इंग्लंडमधलं पहिलं मत. मतपत्रिका पंचासारखी लांब होती आणि खूण करायला दोरीनं बांधलेली पेन्सिल होती. बोटाला शाई नाही, ओळखपत्र नाही, फक्त पेन्सिल. मला तो अपमान वाटला. मी ताईंना कुजबुजत म्हणाले, “हे खोडरबरानं पुसतील.” ताई म्हणाल्या, “तू जोरात लिही.” मी इतक्या जोरात लिहिलं की टोक तुटलं.

आमच्या, म्हणजे युरोपात राहू म्हणणाऱ्या बाजूची काही माणसं निवडून आली, पण समोरच्या बाजूची जास्त आली. त्यांतला एक माणूस असा होता की ज्याचं नाव त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं. बागेतलं फर्निचर विकायचा. मी त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं, ‘खुर्ची मोडायला निघालेला सुतार’ अशा मथळ्याचं, आणि अध्यक्षांबरोबर ते शहराच्या बाजारात वाटलं. अध्यक्ष म्हणाले, फारच छान लिहिलंय. ताईंनी त्या सुताराचा फोटो कापून भिंतीवर लावला.

आता फिलोमिनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मूळची गोव्यातली, पेडण्याकडची. आजोबांच्या पोर्तुगीज राजवटीतल्या जन्मामुळे तिला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळालेला. लिस्बनमध्ये वृद्धाश्रमात काम करता करता ती नर्सिंगची पदवी शिकली, आणि इथं हॉस्पिटलात मात्र नर्सच्या हाताखालची मदतनीस म्हणून राबत होती. इथं नर्स व्हायला तिला लिस्बनहून एक दाखला हवा होता, हिचं शिक्षण युरोपच्या नियमाप्रमाणे झालं आहे, एवढाच. त्या कार्यालयातून उत्तरच येईना. ब्रिटन बाहेर पडल्यावर तो दाखला चालेल की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. फिलोमिना ड्युटीवरून आली की जिन्यात बसून बूट काढायची आणि आमच्याकडे न बघता म्हणायची, “जाऊं दे गो, मी अशीच मरतलें.” ती मस्करी करतेय असं आम्ही दाखवायचो.

ताईंनी तिच्या वतीनं दहाही जणांना लिहिलं. आम्ही ज्यांना मत दिलं होतं त्यांच्याकडून फार सुंदर उत्तर आलं. फिलोमिनासारख्यांचं योगदान, युरोपचं स्वप्न, एकजूट. मी ते वाचताना गहिवरले. ताई म्हणाल्या, “यात दाखल्याचं कुठं आहे?” मी परत वाचलं. नव्हतं.

मग एका शनिवारी त्या म्हणाल्या, चला. आमचा सुतार बाजारचौकात टेबल मांडून लोकांना भेटत होता. मी म्हणाले, मी त्या माणसाच्या समोर उभी राहणार नाही. ताई म्हणाल्या, “उभी काहून राहते, बस. स्टूल मात्र माझं आहे.” मी गेले, पण चार पावलं दूर उभी राहिले. फिलोमिना ताईंच्या मागे होती, युनिफॉर्मवर कोट घालून.

तो उंच, खांदे पडलेला, साठीतला माणूस होता. ताईंनी त्याच्या टेबलासमोर स्टूल उघडलं, बसल्या आणि काम सांगितलं. त्यानं सभ्यपणे ऐकलं आणि म्हणाला, मॅडम, त्या पार्लमेंटवर माझा विश्वासच नाही. मला तिथं जायचंच नव्हतं, मी ते बंद व्हावं म्हणून गेलो आहे. हे काम तुम्ही ज्यांचा विश्वास आहे त्यांना सांगा. आणि मग तो बोलतच गेला, सार्वभौमत्व, मासेमारी, ब्रुसेल्स.

“ब्रीद इन,” ताई म्हणाल्या. “अँड होल्ड इट.”

त्यानं खरंच श्वास रोखला.

“तुम्हाला ती खुर्ची नको आहे, हे मला समजलं,” ताई इंग्रजीत म्हणाल्या, त्यांच्या त्या नागपुरी ठेक्याच्या इंग्रजीत. “पण आज तुम्ही तिच्यावर बसलेले आहात. बसला आहात तोवर ती माझी आहे. ही मुलगी वर्षभर थांबली आहे. तुम्ही उठायच्या आधी एक फोन करा.” आणि जरा थांबून, “आता सोडा.”

त्यानं श्वास सोडला. फिलोमिनाकडे पाहिलं. तिच्या कोटाच्या बाहीतून हॉस्पिटलचा निळा युनिफॉर्म दिसत होता. त्यानं तिला स्पेलिंग विचारून तिचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, मी काही वचन देत नाही. ताई म्हणाल्या, “उत्तम. वचनवाले आमच्याकडे खूप आहेत.”

तो माणूस चिवट निघाला. फर्निचरची थकलेली बिलं वसूल करताना आयुष्यभर जे केलं असेल तेच त्यानं केलं. लिस्बनच्या कार्यालयाला त्याच्या ऑफिसातून फोन, मग परत फोन, मग पोर्तुगालच्या एका एमईपीला पार्लमेंटच्या कॉरिडॉरमध्ये गाठून त्याच्याकरवी फोन. तो पोर्तुगीज माणूस विचारानं त्याच्या पार दुसऱ्या टोकाचा होता. हे आम्हाला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. नाताळाच्या आधी दाखला आला. फिलोमिनानं तो फ्रिजवर लावला, मग काढून पिशवीत ठेवला, मग पुन्हा फ्रिजवर लावला. त्या दिवशी तिनं जिन्यात बसून बूट काढले नाहीत, बुटांसकट वर गेली आणि ताई तिला काही बोलल्या नाहीत.

जानेवारीच्या शेवटी ब्रिटन बाहेर पडणार आणि सगळ्या एमईपींच्या खुर्च्या एकदम जाणार हे नक्की झालं. ताईंनी दहा शाली आणल्या, वेम्बलीच्या ईलिंग रोडवरच्या देशी दुकानातून, एकाच रंगाच्या. दहाही जणांना पंगतीचं आमंत्रण गेलं, तळाशी ओळ: ‘हिशेब घेऊन यावं.’

मी भडकले. मी म्हणाले, तो माणूस या घरात आला तर मी बाहेर फाटकापाशी फलक घेऊन उभी राहीन. फिलोमिनासाठी एक फोन केला म्हणून लाखो फिलोमिनांच्या तोंडावर दार लावलेलं पुसलं जात नाही. आजही माझं हेच मत आहे, ते मी इथं पुन्हा लिहिते.

ताईंनी मला श्वास रोखायला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, “बरोबर बोलते आहेस. पण बाहेर काहून? आत वाट ना पत्रक. पंगतीत वाट. त्यालाही दे.”

दहांतला एकच आला. बाकीच्यांची दिलगिरीची ईमेलं आली, काहींची तीही नाहीत. नऊ शाली खिडकीच्या कट्ट्यावर घडी करून ठेवलेल्या होत्या. तो दारात बूट काढून उभा राहिला, हातात फुलांचा गुच्छ. जमिनीवर बसणं त्याच्या गुडघ्यांना शक्य नव्हतं. आणि ताईंनी आत जाऊन स्टूल आणलं. आम्ही सगळे बघतच राहिलो.

“तुम्हाला खुर्ची नको होती,” त्या त्याला म्हणाल्या. “हे स्टूल आहे.”

तो मोठ्यानं हसला. मी हसले नाही, पण मला तोंड फिरवावं लागलं.

त्या दिवशीचा प्रश्न होता, हे जाणं तुम्हाला हवं होतं का? हो म्हणणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे खिडकीची ओळ. तिथं स्टूलवर एकटा तो बसला. बाकी सगळे भिंतीकडे. फिलोमिना, मी, अध्यक्ष, त्यांची बायको, बिझनेस पार्कातली सगळी मंडळी, मांडीला मांडी लावून. मी पत्रकं वाटली. त्यालाही दिलं. त्यानं चष्मा लावून ते वाचायला घेतलं.

ताई वरणाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्या वाढेनात.

“एवढे जण एका बाजूला मावत नाहीत,” त्या म्हणाल्या. “आणि सार्वमताची मतं मोजली तेव्हा या शहरानं जायलाच कौल दिला होता, तो काय या एकट्यानं दिला? माझ्याकडे खोटं मत सांगून जेवायला मिळत नाही. श्वास घ्या. रोखून धरा.”

भिंतीकडच्या सगळ्या ओळीनं श्वास रोखला.

“आता सोडा.”

अध्यक्ष ताट घेऊन उठले. हळूच, ताटातलं लिंबू घरंगळू नये अशा बेतानं, ते समोर गेले आणि त्या माणसाच्या स्टूलशेजारी मांडी घालून बसले. त्यांच्या बायकोनं तिथूनच विचारलं, “अहो, तुम्ही?”

“युरोपातले येणं थांबलं की आपल्या मुलांना व्हिसा सोपे होतील, असं वाटलं होतं गं,” ते मान खाली घालून म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “पत्रक मात्र छानच लिहिलं होतंस तू.”

त्यांच्यामागून आणखी तिघं उठले. माझ्या ऑफिसातला एक होता त्यात, रोज माझ्याबरोबर लंच घेणारा. ज्या परक्याचा मी धिक्कार करत होते तो समोर होताच. त्याच्याभोवती माझीच माणसं बसली होती, मराठी बोलणारी, व्हिसावर आलेली, माझं पत्रक वाटणारी. ताईंनी अध्यक्षांच्या वरणावर सगळ्यांपेक्षा जास्त तूप सोडलं. ताईंकडे खरं बोलणाऱ्याला तूप जास्त मिळायचं.

जेवणं झाल्यावर त्यांनी पाहुण्याला हिशेब विचारला. तो उठून उभा राहिला. माझं पत्रक घडी करून खिशात घालत म्हणाला, मी दोन कामं केली. माझी खुर्ची मोडायला गेलो होतो, ती मोडली. आणि या बाईंचा दाखला आणला.

ताईंनी जरा विचार केला.

“पहिल्या कामाला शाल नाही,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याला आहे.”

शाल फिलोमिनानं घातली. तिला त्याच्या खांद्यापर्यंत पोचायला टाचा उंच कराव्या लागल्या. ती मत न बदलता भिंतीच्या ओळीतून उठली आणि शाल घालून भिंतीच्याच ओळीत परत येऊन बसली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. त्या माणसाचे डोळे भरले होते का, मला माहीत नाही. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते. जाताना त्यानं ताईंना विचारलं, आता तुम्ही कोणाच्या मागे लागणार? ताईंनी खिडकीतल्या नऊ शालींकडे पाहिलं. “खासदार आहे, कौन्सिलर आहेत,” त्या म्हणाल्या. “पण दहा होते हो माझे.”

ते त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या नाहीत. भाजी घेऊन यावी आणि पिशवी फाटकी निघावी, तसं. भिंतीवरचे फोटो मात्र त्यांनी काढले नाहीत.

ताई मागच्याच्या मागच्या वसंतात गेल्या, त्यांच्याच जुन्या हॉस्पिटलात. फिलोमिना तिथं आता स्टाफ नर्स आहे. तिचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता, पण ड्युटी संपली की ती येऊन बसायची. शेवटच्या दिवसांत त्यांना छातीचा एक्स-रे काढायला नेलं तेव्हा मी बरोबर होते. आतून एका कोवळ्या मुलाचा आवाज आला, ब्रीद इन, होल्ड इट. आणि लगेच ताईंचा: “इतक्या हळू म्हणशील तर कोण रोखेल रे?” इंग्रजीत नाही, नागपुरीत. त्यानं काय समजायचं ते समजून मोठ्यानं म्हटलं.

स्टूल फिलोमिनाकडे आहे. ती त्यावर कोणाला बसू देत नाही. शाली माझ्याकडे आहेत.

मी आजही पत्रकं लिहिते. हेही पत्रकच समजा. फक्त याच्या शेवटी मी तुम्हाला धिक्कार करायला सांगत नाही, ते तुम्ही माझ्याशिवायही कराल. तुम्ही कुठंही असा, बेसिंगस्टोकला, कार्डिफला, नांदेडला. ज्याला तुम्ही मत दिलं नाही तो तुमचा प्रतिनिधी कोण, हे आज शोधा. ज्याचं काम अडलं आहे असा एक माणूस बरोबर घ्या, शेजारचा, जिन्यात बसून बूट काढणारा कोणीही. या शनिवारी जा. बसायला स्वतःचं काही तरी घेऊन जा. मत बदलू नका, काम सांगा, आणि ते होईपर्यंत उठू नका.

झालं तर मला सांगा. नऊ शाली अजून घडीतच आहेत.